जुन्या आलिशान मोटारींचा रेडिएटर : रूप आणि कार्य

जुन्या आलिशान मोटारीकडे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम रेडिएटरच्या चकचकीत चौकटीवर स्थिरावते. रोल्स-रॉइसची ग्रीक देवालयाच्या दर्शनी भागासारखी उभी चौकट तर त्या नावाची खूणच होऊन बसली आहे. त्यामुळे हा भाग केवळ शोभेचा, असा समज सहज होतो. वस्तुतः मोटारीतील सर्वांत कष्टाचे काम ह्याच भागाकडे असते. जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी थोडीच चाकांपर्यंत पोहोचते. पुष्कळशी धुराबरोबर निघून जाते आणि उरलेलीपैकी मोठा वाटा सिलिंडरांभोवतीच्या पाण्याला वाहून न्यावा लागतो.

आरंभी पाण्याची वाफ होऊ देणे एवढाच उपाय होता. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत वाटेत वरचेवर पाणी भरावे लागे. १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्झहाइमला गेलेल्या बेर्टा बेंझलाही हीच यातायात करावी लागली.

खरे वळण लागले ते मर्सिडीजच्या १९०१ मधील ३५ अश्वशक्तीच्या गाडीमुळे. एमील येलिनेकच्या आग्रहावरून विल्हेल्म मायबाखने ती घडविली. तिच्या रेडिएटरमध्ये ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांमधील चिंचोळ्या फटींतून पाणी उतरे. ह्या रचनेला मधाच्या पोळ्याचे नाव मिळाले; पोळ्यातील घरे षट्कोनी असतात, ही गोष्ट नाव ठेवणाऱ्यांनी मनावर घेतलेली दिसत नाही. थोड्या जागेत वाऱ्याला भिडणारे पृष्ठफळ अतोनात वाढले आणि सुमारे ९ लिटर पाण्यात काम भागू लागले. गाडी मंद चालताना वारा कमी पडे, म्हणून मागे लहानसा पंखाही बसविला होता.

पाणी फिरविण्याच्या दोन रीती होत्या. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि निवलेले खाली उतरते, ह्या निसर्गक्रमावर फोर्डची 'मॉडेल टी' विसंबून राहिली. रोल्स-रॉइसच्या '४०/५०' मध्ये मात्र पंप होता. दोहोंतही पाण्यावर आजच्यासारखा दाब नव्हता. दाबाखाली पाणी शंभर अंशांपलीकडे गेल्यावरच उकळते. दाबाविना उटी किंवा सिमल्याच्या उंचीवर ते ९३ अंशांच्या आसपासच उकळू लागते. भारतीय संस्थानिकांनी हौसेने घेतलेल्या गाड्यांना घाट अवघड जाई, त्याचे एक कारण हे होय.

आज प्रश्न उभा राहतो तो जीर्णोद्धाराचा. जड पाण्यातील क्षार चिंचोळ्या फटींत साचतात आणि आम्लाने ते धुऊ जावे तर जुना डाखच निखळू लागतो. तेव्हा चौकट मूळची ठेवून आत नवा गाभा बसविण्याचा मोह होतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही : भ्रष्ट पाठ जपावा, की सुवाच्य पाठ घालून हस्तलिखिताची साक्ष गमवावी? तथापि येथे तडजोडीला थोडी जागा आहे. मूळ गाभा जपून ठेवता येतो, त्याच जातीचा नवा गाभा हाताने घडविता येतो आणि चौकटीमागे विजेचा पंखा दडविता येतो. दाबाचे नवे झाकण मात्र जुन्या गाभ्यावर बसवू नये. तो त्या दाबासाठी घडविलेलाच नसतो आणि पहिल्याच चढणीवर त्याचे सांधे उसवण्याचा संभव असतो.