डब्लिनची मुकी खिडकी

8 मे 2024 रोजी डब्लिनच्या नॉर्थ अर्ल स्ट्रीटवर, ओ'कॉनेल स्ट्रीटच्या तोंडाशी, एक भव्य वर्तुळाकार पडदा सुरू झाला. त्याच दिवशी त्याचा जुळा पडदा न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे, फिफ्थ अव्हेन्यू आणि 23व्या रस्त्याच्या संगमावर उजळला. लिथुआनियाचे कलावंत बेनेडिक्टस गिलिस यांच्या या कलाकृतीचे नाव 'पोर्टल'. 2021 मध्ये त्यांनी विल्नियस आणि पोलंडमधील लुब्लिन ही शहरे याच रीतीने जोडली होती.

रचना सोपी आहे. पडद्यावरील कॅमेरा समोरचा रस्ता टिपतो आणि ते दृश्य इंटरनेटवरून लगेच दुसऱ्या शहरात उमटते. आवाज मात्र पोहोचत नाही. त्यामुळे पाच तासांच्या अंतरावरील दोन अनोळखी जमावांना हात हलवणे, नाचणे, कागदावर लिहून दाखवणे एवढीच भाषा उरते. पडदा हे केवळ साधन. खरी कलाकृती त्याच्या दोन्ही बाजूंना जमलेली माणसे घडवतात.

आयर्लंडमध्ये या खिडकीला एक जुनी वेदना चिकटलेली आहे. 1845 पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि किमान तितक्यांनीच देश सोडला. अमेरिकेस निघालेल्या माणसासाठी आदल्या रात्री घरी 'अमेरिकन वेक' होई. मृतदेहाजवळ करतात तसेच हे जागरण, पण जिवंत माणसासाठी. कारण त्याचे पुन्हा दर्शन होण्याची आशा नसे. ज्या दर्शनाला तेव्हाचे आईबाप मुकले, ते आता भर रस्त्यात कुणालाही विनामूल्य मिळू लागले.

आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा गैरवापर झाला. डब्लिनमधून कुणी 11 सप्टेंबरच्या हल्ल्याची छायाचित्रे कॅमेऱ्यासमोर धरली, तर न्यूयॉर्कमधून अंगप्रदर्शन झाले. 14 मे रोजी पोर्टल बंद करण्यात आले. 19 मे रोजी ते मर्यादित वेळांसह पुन्हा सुरू झाले. कॅमेरा झाकला गेल्यास दोन्ही बाजूंचे दृश्य धूसर होईल, अशी सोयही करण्यात आली.

या प्रसंगाने कलाकृतीचा अर्थ अधिक स्पष्ट केला. रस्त्यावर कुणी कुणाचा अपमान केला, तर समोरचा जाब विचारतो, चारचौघे अडवतात. पोर्टलमध्ये डोळे समुद्र ओलांडतात. जाब विचारणारा आवाज अलीकडेच राहतो. दृष्टीपुरते अंतर मिटते, जबाबदारीपुरते उरते.

व्हिडिओ कॉलवर आईवडिलांना भेटणाऱ्या परदेशस्थांना हे अर्धे सान्निध्य परिचितच आहे. मात्र तिथे नाते आधीचे असते आणि पडदा नंतर येतो. पोर्टलसमोर आधी पडदा असतो. 2024 च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कचा पडदा फिलाडेल्फियात हलला आणि पलीकडचे चेहरे बदलले. त्यांच्याशी नाते जोडायचे की त्यांची केवळ मौज पाहायची, हे मात्र आजही अलीकडे उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते.