मापाच्या वाटा मोकळ्या करताना : पडून राहिलेल्या मोटारसायकलचा कार्बुरेटर

1 एप्रिल 2020 पासून भारतात बीएस-6 हे प्रदूषणविषयक मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बुरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तथापि त्यापूर्वी विकल्या गेलेल्या स्प्लेंडर, बुलेट, आरएक्स-100 यांसारख्या असंख्य गाड्या अद्याप वापरात आहेत, आणि त्यांतील अनेक सोसायटीच्या आवारात, कोकणातील बंद घराच्या अंगणात किंवा पोलीस ठाण्यासमोर मुद्देमाल म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे उघड्यावर काढतात. अशी गाडी सुरू होईनाशी झाली की कार्बुरेटर निकामी झाल्याचे मानून तो बदलला जातो. परंतु पुष्कळदा त्याचा सांगाडा शाबूत असतो आणि आतील सूक्ष्म वाटा तेवढ्या बुजलेल्या असतात. निर्मात्याने ठरवलेले माप जराही न बिघडवता त्या वाटा मोकळ्या करणे, हे या दुरुस्तीचे सार होय.

पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण इंजिनाला पुरवणे हे कार्बुरेटरचे काम आहे. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. कार्बुरेटरच्या मधल्या अरुंद नळीतून, म्हणजे व्हेंच्युरीतून, हवा वेगाने वाहू लागली की तेथील दाब घटतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. जेट म्हणजे नेमक्या मापाचे छिद्र असलेला पितळी तुकडा. इंजिन मंद गतीने चालत असताना पायलट जेट, तर अधिक वेगाच्या वेळी मेन जेट प्रामुख्याने पेट्रोल पुरवतो. वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट हा तरंगता भाग राखतो. पातळी वाढली की तो वर उचलला जातो आणि त्याला टेकलेली सुई पेट्रोलचे प्रवेशद्वार बंद करते.

गाडी पडून राहिली की वाटीतील पेट्रोलचे हलके घटक उडून जातात, उरलेल्या घटकांचे हवेतील ऑक्सिजनमुळे चिकट राळेत रूपांतर होते आणि ही राळ सर्वांत आधी पायलट जेटचे छिद्र बुजवते. म्हणूनच अशी गाडी चोक ओढून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवल्यावर कशीबशी सुरू होते, पण चोक बंद करताच बंद पडते. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जात असल्याने आणखी एक अडचण उद्भवते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी पुरेशा प्रमाणात शिरल्यास पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसतो. त्यामुळे टाकी गंजते, जस्त वा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी जमते आणि जुने रबर बिघडते. याशिवाय कुंभारीण माशी हवेच्या नळ्यांत मातीचे घर बांधते, ते निराळेच.

कामाचा आरंभ कार्बुरेटरपासून न करता टाकीपासून करावा. कारण टाकीतील गंज, पेट्रोल कॉकची जाळी आणि नळी साफ न करता केलेली सफाई लवकरच वाया जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते. म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि ठिणगी व विस्तवापासून दूर करावे, तसेच जुने पेट्रोल गटारात ओतू नये. कार्बुरेटर उतरवल्यावर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, जेट नीडल या निमुळत्या सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवावे आणि मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत नेऊन किती फेरे आत गेला, हे नोंदवावे.

रबरी रिंगा, गॅस्केट आणि असल्यास डायफ्रॅम हे भाग आधी वेगळे करावेत, कारण कार्बुरेटर क्लीनरच्या रसायनाने ते फुगतात किंवा चिरतात. धातूचे भाग क्लीनरमध्ये भिजवून, नंतर डोळ्यांवर चष्मा लावून प्रत्येक छिद्रातून दाबाची हवा सोडावी. जेट उजेडासमोर धरल्यावर छिद्र स्वच्छ, गोल दिसले पाहिजे. येथे एक प्रचलित सवय कटाक्षाने टाळावी लागते, ती म्हणजे क्लच केबलची पोलादी तार जेटमध्ये घालण्याची. केइहिन कंपनीच्या पायलट जेटवरील 38 हा आकडा 0.38 मिलिमीटर व्यास दर्शवतो, आणि व्यास केवळ दहा टक्क्यांनी वाढला तरी छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे 21 टक्क्यांनी वाढते. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने तारेने खरवडलेला जेट दिसायला स्वच्छ असला तरी कायमचा जास्त पेट्रोल देऊ लागतो. राळ हटत नसेल तर पुन्हा भिजवावे, नायलॉनचा बारीक धागा वापरावा किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राची मदत घ्यावी.

जोडणी करताना गॅस्केट, रबरी रिंगा आणि टोकाला खाच पडलेली फ्लोटची सुई दुरुस्ती किटमधून नवी घालावी. जुनी सुई नीट बसली नाही तर पेट्रोल ओव्हरफ्लो होते आणि क्वचित इंजिनात उतरून ऑइल पातळ करते. फ्लोटची उंची त्या गाडीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे तपासावी. अखेरीस इंजिन पूर्ण गरम करून मिश्रण जुळवावे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो सहसा हवा नियंत्रित करतो आणि आत फिरवल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते; इंजिनाच्या बाजूला असेल तर तो सहसा पेट्रोल नियंत्रित करतो आणि परिणाम उलटा होतो. इंजिन चोकशिवाय एका लयीत चालू लागले आणि काही किलोमीटरांनंतर स्पार्क प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसले, की जुळणी साधली असे समजावे.

स्वस्त नकली कार्बुरेटरच्या जेटचे माप नेमके असेलच याची खात्री नसते. म्हणून सांगाडा फुटलेला किंवा आत खोलवर झिजलेला नसेल तर मूळ कार्बुरेटर वाचवणेच इष्ट ठरते. त्याहून सोपा उपाय प्रत्येक गाडीमालकाच्या हाती आहे. गाडी महिनाभराहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर पेट्रोल कॉक बंद करावा, वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल भांड्यात काढून घ्यावे आणि गाडी शक्यतो छपराखाली उभी करावी. काही मिनिटांचे हे काम पावसाळ्यापूर्वी करण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.