कृत्रिम श्वसनयंत्र आणि त्याची राखण

वेवजीपासून डहाणूपर्यंतच्या आपल्या पट्ट्यांत पावसाळा लागला कीं सर्पदंशाचें भय वाढतें. त्यांतहि मण्यार जातीचा साप विशेष घातकी. तो बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. दंशाच्या जागीं सूज किंवा आग फारशी नसते. पुढें कांहीं तासांनीं पोटांत दुखूं लागतें, पापण्या मिटूं लागतात, जीभ अडखळते, आणि शेवटीं श्वासाचे स्नायु निकामी होतात. अशा वेळीं इस्पितळांत ज्या यंत्राच्या आधारें रोग्याचा जीव राखतात, त्यास व्हेंटिलेटर अथवा कृत्रिम श्वसनयंत्र म्हणतात. तें कसें चालतें व चालवितांना कोणती सावधगिरी ठेवावी लागते, हें येथें थोडक्यांत पाहूं.

आपल्या छातीच्या तळाशीं श्वासपटल नांवाचा घुमटाकार स्नायु आहे. तो खालीं ओढला गेला म्हणजे छातीची पोकळी वाढते व हवा आंत येते. तो सैल पडला म्हणजे ती बाहेर जाते. मण्याराचें विष मज्जातंतूंकडून स्नायूंस जाणारा हुकूम अडवितें. फुफ्फुसें धड असतात; त्यांस हलविणारा मात्र थांबलेला असतो. तेव्हां श्वासनलिकेंत एक नळी उतरवून यंत्र तिच्यावाटे मापाची हवा आंत ढकलतें व जरूर तितका प्राणवायु तींत मिसळतें. म्हणजे यंत्राचीं कामें दोन: हवा ढकलणें आणि प्राणवायु पुरविणें. उच्छ्वास फुफ्फुसांच्या लवचिकपणानें आपोआप होतो.

पहिली सावधगिरी मापाची. अमेरिकेंत फुफ्फुसें सुजलेल्या ८६१ रोग्यांवर एक प्रयोग झाला व तो २००० सालीं प्रसिद्ध झाला. वजनाच्या दर किलोस १२ मिलिलिटर या मापानें श्वास दिलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४० दगावले. ६ मिलिलिटर दिलेल्यांपैकीं ३१. फार फुगविल्यानें नाजूक फुफ्फुसें फाटतात व अधिकच सुजतात. हें वजनहि कांट्यावरचें नव्हे, तर उंचीवरून काढलेलें धरतात. कारण माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याचीं फुफ्फुसें वाढत नाहींत.

दुसरी सावधगिरी यंत्राच्या घंटेची. आंतील दाब वाढला तर नळी मुडपली असेल, कफानें चोंदली असेल, किंवा फुफ्फुसाबाहेर हवा सांठली असेल; दाब उतरला तर बहुधा कोठें तरी जोड सुटला असेल. घंटा वाजतांच जाणती परिचारिका प्रथम रोग्याची छाती हालते कीं नाहीं तें पाहते, मग यंत्राकडे वळते. कारण तत्काळ सांपडलें नाहीं, तर नळी यंत्रापासून सोडवून रबरी पिशवी हातानें दाबून श्वास देतात व मदतीस हांक मारतात. ही पिशवी उशाशीं असलीच पाहिजे. १९५२ सालीं डेन्मार्कांतील कोपनहेगन शहरीं पोलिओची साथ आली, तेव्हां सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें पिशव्या दाबून पुष्कळांचे प्राण वांचविले.

तिसरी सावधगिरी पुरवठ्याची. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा खंडित झाला, आणि कोरोनाचे कमींत कमी २२ रोगी मृत्यु पावले. मण्यार चावलेल्याचीं फुफ्फुसें निरोगी असल्यानें साधी हवा ढकलली तरी तो कांहीं काळ तग धरतो. ज्याचीं फुफ्फुसेंच रोगानें भरलीं आहेत, त्यास प्राणवायुहि हवा. म्हणून भरलेलें जादा नळकांडें व विजेची पर्यायी सोय या गोष्टी यंत्राइतक्याच मोलाच्या.

आतां घरच्या मंडळींचें कर्तव्य. सर्पदंश झाला कीं झाडपाल्यांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिविष जितकें लौकर मिळेल तितकें बरें. इस्पितळांत यंत्राच्या कळांस हात लावूं नये, घंटा बंद करूं नये. ती वाजतांच परिचारिकेस बोलवावें. सांगितल्यावांचून उशाकडची बाजू सपाट करूं नये. ती उंच ठेवल्यानें पोटांतील द्रव फुफ्फुसांत उतरण्याचें भय कमी होतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या विषानें लुळा पडलेला रोगी पापणी उचलूं शकत नाहीं, बोट हालवूं शकत नाहीं, मेल्यासारखा दिसतो. परंतु पुष्कळदां त्याला सर्व ऐकूं येत असतें. त्याच्या उशाशीं आकांत करूं नये. त्याचें नांव घेऊन बोलावें, दिवस कोणता, घरीं कोण वाट पाहत आहे, तें सांगावें. कांहीं दिवसांनीं विषाचा अंमल ओसरून स्नायु पुनः हलूं लागतात व यंत्र काढतां येतें. तोंवर यंत्र श्वास देतें. परंतु त्या यंत्रावर लक्ष ठेवावयास रात्रंदिवस जागा माणूसच लागतो.