ख्रिस्ती आजी, मराठीची आजी

नेरूळ-वाशीच्या चर्चमधून रविवारी मराठीत बोलत बाहेर पडणाऱ्या आज्या दिसल्या की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. मराठी ख्रिस्ती घरांतल्या आज्यांपैकी सगळ्यांत जास्त वाचली गेलेली ही आजी!

जन्म १८६८चा, नाशिकजवळ जलालपूरचा. वडील इतके कडक सोवळ्याचे की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. अकराव्या वर्षी लग्न झालं कवी नारायण वामन टिळकांशी. शाळा नाहीच, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. १८९५मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई कोसळल्याच. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पण त्या नुसत्या नवऱ्यामागून गेल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. देवाने माणूस घडवला, जाती माणसांनी पाडल्या, हे आधी त्यांनी स्वतःशी विचार करून ठरवलं. कोणाच्याही हातचं खायचं, हा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९००मध्ये.

१९१९मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम सुरू झालेलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. बहुतेक अध्याय त्यांचेच. ज्यांना शाळा माहीत नव्हती, त्यांनी!

‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग आला १९३४मध्ये, म्हणजे त्यांनी पासष्टी ओलांडल्यावर. १९३६मध्ये त्या गेल्या. शेवटचा भाग मुलगा देवदत्त यांनी पूर्ण केला. ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घ्यायचंच तर संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली ‘अभिनव आवृत्ती’ शोधा.