आठ कलांची चूक

प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग तुम्ही केला असेल. गुरुत्वत्वरण ९८० च्या आसपास यावे अशी अपेक्षा असते आणि तुमचे उत्तर येते ९४१. तास संपत आलेला असतो. शेजारचा मित्र हळूच सांगतो, "दोन रीडिंगे थोडी बदल, उत्तर जमते." अशा वेळी सगळे खोडून पुन्हा पहिल्यापासून आंदोलने मोजायला बसणे किती जिवावर येते, हे तुम्हांला सांगायला नको.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञावर असाच प्रसंग आला होता. त्याचे नाव योहान्नेस केप्लर. त्याचा प्रयोग मात्र एका तासाचा नव्हता, अनेक वर्षांचा होता.

मंगळाचे कोडे

इ. स. १६०० मध्ये केप्लर प्रागजवळ टायको ब्राहे या ज्योतिर्विदाकडे कामाला आला. दुर्बिणीचा खगोलशास्त्रात अजून प्रवेश झाला नव्हता. तरीही टायकोने मोठमोठी कोनमापक यंत्रे बांधून नुसत्या डोळ्यांनी ग्रहांचे वेध घेतले होते. वीस वर्षांहून अधिक काळच्या या वेधांत चूक असे ती साधारण एकदोन कलांची. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. पूर्ण चंद्राचे बिंब आपल्याला सुमारे ३० कलांचे दिसते, यावरून या अचूकतेची कल्पना करा.

केप्लरच्या वाट्याला मंगळ आला. मंगळाची कक्षा शोधायची, म्हणजे तो केव्हा कोठे दिसेल हे आधी सांगता आले पाहिजे. आठ दिवसांत हे काम संपवीन, अशी पैज त्याने मारली! १६०१ साली टायको वारला, वेधांच्या वह्या केप्लरच्या हाती आल्या. पण मंगळ काही हाती येईना.

पहिली हार

ग्रह वर्तुळातच फिरतात, ही समजूत दोन हजार वर्षांची होती. कोपर्निकसनेही ती सोडली नव्हती. केप्लरने वर्तुळच घेतले. फक्त सूर्य मध्यबिंदूपासून थोडा बाजूला ठेवला. किती बाजूला, हे ठरवण्यासाठी एक किंमत धरायची, सर्व आकडेमोड करायची, ती जुळली नाही की दुसरी धरायची, असा मार्ग होता. अशी आवर्तने त्याने सुमारे सत्तर वेळा केली. लॉगरिथमची कोष्टकेदेखील तेव्हा नव्हती.

अखेर मंगळाच्या प्रतियुतींचे, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या वेळचे, वेध दोन कलांच्या आत जुळले. पण केप्लर तेथे थांबला नाही. त्याने दुसऱ्या वेधांवरून मंगळाचे सूर्यापासूनचे अंतर तपासले. ते चुकत होते. अंतर सुधारावे तर दिशा बिघडे, आणि काही ठिकाणी ती आठ कलांनी चुके.

आठ कला म्हणजे चंद्रबिंबाचा जेमतेम पाव भाग! प्राचीन ज्योतिर्विदांच्या वेधांतच दहा कलांची चूक असे. त्यामुळे कोणीही त्याला दोष दिला नसता. परंतु टायकोच्या वेधांत एवढी चूक असणे शक्य नाही, हे केप्लर जाणून होता. मग चूक आपल्या गृहीतात आहे. त्याने सारे गणित बाजूला ठेवले.

पुन्हा श्रीगणेशा

येथे नीट लक्ष द्या. केप्लरने सर्व काही टाकून दिले नाही. वेध ठेवले, गृहीत टाकले. नवी सुरुवातही त्याने मंगळापासून न करता पृथ्वीपासून केली. आपण ज्या पृथ्वीवरून पाहतो तीच फिरती आहे. तिची चाल नीट कळल्याशिवाय मंगळाची कशी कळणार?

त्यासाठी त्याने एक सुंदर युक्ती योजली. मंगळाला सूर्याभोवती एक फेरी करण्यास ६८७ दिवस लागतात. म्हणजे आजपासून ६८७ दिवसांनी मंगळ पुन्हा त्याच जागी असेल; पृथ्वी मात्र दुसऱ्याच जागी असेल. म्हणून ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेले वेध निवडले, की मंगळ जणू रस्त्याकडेला रोवलेला खांब ठरतो. त्या खांबाकडे निरनिराळ्या जागांवरून पाहून, त्रिकोण काढून, पृथ्वीची कक्षा मांडता येते.

यातून दिसले, की पृथ्वी सूर्याजवळ असताना जलद आणि दूर असताना सावकाश चालते. पुढे याच विचारातून नियम निघाला : सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखे क्षेत्रफळ आक्रमिते.

आणखी दोन ठेचा

हा नियम घेऊन केप्लर मंगळाकडे परतला. वर्तुळ पुन्हा आठ कलांनी चुकले. त्याने अंडाकृती कक्षा घेतली, एक टोक रुंद आणि दुसरे निमुळते अशी. तिच्यावर त्याने अतोनात कष्ट केले. आता चूक जवळजवळ तितकीच, पण उलट दिशेला! तेव्हा खरी कक्षा या दोहोंच्या मधोमध असली पाहिजे. ती कोणती, हे सांगणारे सूत्रही त्याला एकदा सापडले. पण आकृती काढताना चूक झाली आणि हातचे सूत्र त्याने टाकून दिले. मग वेगळ्या वाटेने लंबवर्तुळ घेऊन पाहिले, आणि कळले की ते टाकलेले सूत्र लंबवर्तुळाचेच होते. हे १६०५ साल होते. सूर्य लंबवर्तुळाच्या एका नाभीत असतो, हा नियम १६०९ साली 'नवे खगोलशास्त्र' या त्याच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला.

तुम्हीच काढून पाहा

कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. मंगळाची कक्षा याच मापाने काढली, तर लंबवर्तुळाची अर्धी लांबी १० सेंटिमीटर आणि अर्धी रुंदी ९.९६ सेंटिमीटर भरेल. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे जवळजवळ पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीइतका! सूर्य मात्र मध्यापासून ९ मिलिमीटरांहून थोडा अधिक बाजूला असेल. त्या रेघेच्या जाडीत केप्लरची वर्षे गेली. पुढे न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, त्याच्या पायात केप्लरचे हे नियम आहेत.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला धैर्य लागते, ते कशाच्या बळावर येते? केप्लर प्रत्येक वेळी पहिल्यापासून निघाला, पण रिकाम्या हाताने कधीच नाही. वर्तुळ चुकीचे, हे पहिल्या हारीने शिकवले. चूक कोणत्या बाजूला आहे, हे पुढच्या हारीने. हार किती कलांची आणि कोणत्या दिशेची हे मोजले, की ती वाटाड्या बनते. रीडिंग बदलणारा हा वाटाड्याच घालवून बसतो.

तेव्हा ९४१ आले तर वहीत ९४१ च लिहा. मग शोधा : दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती का? आंदोलने मोजताना पहिल्यालाच 'एक' म्हटले होते का? आणि शिक्षकांनाही एक विनंती : ज्याचे उत्तर चुकले, पण चूक सापडली, त्या वहीवर शाबासकीची खूण अवश्य करा.