पर्समधला पुरावा

सॅन फ्रान्सिस्कोतील मसाज पार्लरांत व्हिएतनाम, थायलंडहून आलेल्या बायका काम करतात. त्यांना कंडोम, तपासणी समजवायला त्यांच्याच भाषेतली कार्यकर्ती लागते. नाजूक गोष्ट परक्या भाषेत बोलवत नाही, हे सीमाभागातल्या मैत्रिणींना मी काय सांगावे!

पण भाषेने सगळे भागत नव्हते. पर्समध्ये कंडोम सापडला की पोलीस तो वेश्याव्यवसायाचा पुरावा धरत. ट्रान्सजेंडर स्त्रियांना तर नुसते रस्त्याने जातानाही हा धाक. मग कार्यकर्तीने दिलेले पाकीट घेणार कोण? मला तरी बायकांचेच बरोबर वाटते.

कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा केला. १ जानेवारी २०२० पासून कंडोम बाळगल्यावरून अटक करता येत नाही. बलात्काराची तक्रार द्यायला आलेल्या बाईलाही या धंद्यापायी पकडता येत नाही. व्हिसाच्या कागदांची भीती मात्र या कायद्याने जात नाही.