मलकपेठेत पाऊस पडला, तर आपल्या दर्यात काय होणार?



दिवाळी झाली की बंदरावर एक वाक्य ठरलेलं असतं. "आता थंडी पडणार, दर्या शांत होणार." अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहितोय, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर हाच आपल्याकडे वादळांचा दुसरा मोसम असतो. त्यात आता बोटी आठ-आठ, दहा-दहा दिवसांच्या फेरीला जातात. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, सगळं आधीच खर्च झालेलं असतं. अशा वेळी अंदाज नीट वाचता आला नाही तर बोट उगाच मागे तरी फिरते, नाहीतर फिरायला हवी तेव्हा फिरत नाही.

आपल्या काही घरांचे पाहुणे हैदराबादला मलकपेठेत राहतात. तिकडे जोराचा पाऊस झाला की पहिला फोन येतो, "रेल्वे पुलाखाली पाणी भरलं, गाड्या अडकल्यात." आपण ऐकतो आणि सोडून देतो. हैदराबादला कुठे समुद्र आहे? पण १३ ऑक्टोबर २०२० आठवा. त्या दिवशी सकाळी बंगालच्या उपसागरातलं तीव्र डिप्रेशन काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं. रात्रीपर्यंत त्याने हैदराबाद बुडवलं. बेगमपेठला चोवीस तासांत १९ सेंटिमीटर पाऊस झाला, मुसी नदी फुगली आणि मलकपेठजवळचा मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी तेच क्षेत्र सोलापूर-पंढरपूरकडे सरकलं. पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. मग सह्याद्री ओलांडून ते १६-१७ तारखेला आपल्या समुद्रात उतरलं, आणि पाण्यावर येताच त्याचं पुन्हा डिप्रेशन झालं. नशीब की ते पश्चिमेकडे निघून गेलं.

म्हणजे मलकपेठेतला पाऊस आणि आपल्या बंदरावरचा बावटा यांत दोन-अडीच दिवसांचं अंतर होतं. एवढ्या वेळात पन्नास वावांतली बोट आरामात घरी येते.

हे एकदाच झालं असंही नाही. २०२१ च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याला लागलं, तेलंगणा आणि मराठवाड्यावरून आलं, गुजरातपुढे अरबी समुद्रात उतरलं आणि तिथे त्याचं 'शाहीन' झालं. ते थेट ओमानला जाऊन धडकलं. कारण साधं आहे. वादळाचं इंधन म्हणजे गरम समुद्राची वाफ. जमिनीवर ती मिळत नाही म्हणून वादळ मरगळतं, पण फिरणारी हवा पूर्ण विरलेली नसते. पुढे पुन्हा गरम पाणी मिळालं की ती परत जोर धरते. साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर पाणी असलं की वादळाला पुरतं, आणि नोव्हेंबरात आपला समुद्र त्याहून गरमच असतो. आपल्याला पहाटे गोधडी लागते म्हणून पाणी गार झालं असं समजू नका. पाणी जमिनीपेक्षा फार सावकाश थंड होतं.

पण मलकपेठेची ही खूण ऑक्टोबरभर उपयोगाची, पुढे तिचा भरवसा धरू नये. जसा हिवाळा जवळ येतो तशी ही क्षेत्रं खाली दक्षिणेला सरकतात आणि तामिळनाडू, कन्याकुमारी, लक्षद्वीप अशा वाटेने अरबी समुद्रात येतात. २०१७ चं 'ओखी' असंच आलं. नोव्हेंबरच्या शेवटी श्रीलंका-कन्याकुमारीजवळ तयार झालं आणि वर गुजरातकडे वळलं. तेव्हा केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ बोटी, ९५२ खलाशी घेऊन, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आसऱ्याला आल्या होत्या. डिसेंबरच्या ५ तारखेला मुंबईत पावसामुळे शाळा बंद होत्या. त्याआधी २००९ चं 'फयान' तर ९ नोव्हेंबरला डिप्रेशन होतं आणि ११ तारखेला दुपारी अलिबाग-मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर होतं. मध्ये फक्त दोन दिवस. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी घरांत त्या फेरीची माणसं परत आली नाहीत. म्हणून दिवाळीनंतर कान हैदराबादपेक्षा कन्याकुमारीकडे ठेवायचा.

आता मलकपेठेहून दुसरा फोन येतो तो थंडीचा. "रात्री कुडकुडायला होतं, आभाळ स्वच्छ आहे." ही मात्र चांगली खबर समजा. ईशान्येचा कोरडा वारा दख्खनवर बसला, असा तिचा अर्थ. तोच वारा घाट उतरून आपल्याकडे येतो. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे जमिनीवरून दर्याकडे मतलई वारा वाहतो. दुपारी उलटं होऊन खारा वारा येतो. आभाळ निरभ्र असलं की जमीन जास्त गार होते आणि मतलई जास्त जोरात चालते.

छोट्या होडीवाल्यांनी इथे लक्ष द्या. वारा जमिनीवरून येत असला की काठाजवळ पाणी तेलासारखं सपाट दिसतं, कारण लाट उठायला वाऱ्याला मोकळं अंतरच मिळालेलं नसतं. किनाऱ्यावर उभं राहून "आज दर्या मस्त आहे" म्हणणारा इथेच फसतो. पंधरा-वीस वावांत गेलं की तोच वारा लाट उठवतो, आणि परत येताना ती नाकावर घ्यावी लागते. जाताना लागलं त्याच्या दीडपट डिझेल परतीला धरा. हा माझा हिशोब आहे, कोणाच्या पुस्तकातला नाही.

बायकामंडळींसाठी हा वारा म्हणजे पैसा. वलांडीवरचे बोंबील याच कोरड्या हवेत नीट सुकतात. अरबी समुद्रात कुठेही कमी दाबाचं क्षेत्र झालं की वादळ आपल्याकडे न येताही ढग आणि दमट हवा येते, बोंबील काळे पडतात, जवळ्याला वास लागतो. त्यामुळे अंदाजात "अंशतः ढगाळ, हलका पाऊस" एवढंच असलं तरी बोटवाल्याने दुर्लक्ष केलं तर चालेल, ओट्यावरच्या बाईने करू नये.

बावट्याबद्दल मोठा गैरसमज आहे. एक, दोन, तीन म्हणजे वादळाचा जोर वाढत गेला, असं पुष्कळ जण मानतात. तसं नाही. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळी हवा किंवा वादळ लांब समुद्रात आहे, बंदराला लगेच धोका नाही, पण बाहेर जाणाऱ्याला आहे. तीन नंबर म्हणजे खुद्द आपल्या बंदरावरच सोसाट्याचा वारा येऊ शकतो. म्हणजे लांबच्या फेरीला निघणाऱ्या बोटीने दोन नंबरला तीनपेक्षा जास्त घाबरायला हवं. चार नंबरच्या पुढे कोणाला समजवावं लागत नाही.

अंदाजातला लाटांचा आकडाही असाच फसवतो. "लाटांची उंची अडीच मीटर" याचा अर्थ सर्वांत उंच लाट अडीच मीटर असा नाही. सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. मध्येच एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते, आणि होडी उलटते ती त्या एकीने. तसंच वाऱ्याचं. "४५ ते ५५, झोत ६५" लिहिलं असेल तर आपल्यासाठी आकडा ६५ चा.

हे लाटांचे अंदाज कुठून येतात? हैदराबादहूनच. तिथे प्रगतीनगरला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, आपण ज्याला इन्कॉइस म्हणतो. १९९९ पासून ही संस्था काम करते. मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते नकाशे तीच काढते. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि पाण्यातलं हिरवं शेवाळ बघून ते ठरतं. आभाळ ढगाळ असलं की उपग्रहाला पाणी दिसत नाही, म्हणून हिवाळ्यात हे नकाशे जास्त नेमाने मिळतात. वादळाचा इशारा मात्र हवामान खात्याचा, आपल्यासाठी कुलाब्याचा. दोन्ही बघायचे.

लांबच्या फेरीसाठी आणखी एक. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज काढतं. त्यात समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त, ते लिहिलेलं असतं. दहा दिवसांची फेरी असेल तर रोजच्या अंदाजाआधी हा बघा. "मध्यम" असेल तर मी म्हणेन दक्षिणेकडे लांब जाऊ नका, जवळच्या बंदराच्या आसऱ्यात राहा. "दरवेळी सांगतात आणि काही होत नाही" हे मला पण ऐकवतात. २०१९ चं 'क्यार' ओमानच्या बाजूला गेलं, किनाऱ्याला लागलं नाही, पण त्याच्या लाटा उधाणात मिसळून कोकणात घरांपर्यंत आल्या होत्या. वादळ लांब गेलं तरी लाट चालत येते.

मोबाइलची रेंज दहा-बारा किलोमीटरवर सुटते. त्यापुढे इन्कॉइसचं जेमिनी यंत्र उपग्रहावरून इशारा देतं, पण ते फक्त ऐकवतं, त्यावरून बोलता येत नाही. बोलायला वीएचएफचा १६ नंबरचा चॅनल. किनाऱ्यावरच्या घरच्यांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

गुरुवारचा अंदाज संध्याकाळी कार्यालयाच्या फळ्यावर आणि या पानावर लावला जाईल. बोट बाहेर असेल तर घरच्यांनी तांडेलाचं नाव, बोटीचा नंबर, किती वावांत आणि कुठल्या दिशेला गेली ते कार्यालयात लिहून द्यावं. ज्यांनी अजून दिलं नाही त्यांनी या आठवड्यात द्यावं.

— सचिव